उजेड पोहोचतो तिथपर्यंत : पाणी, रस, दूध आणि जंबुपार किरण

ऑगस्ट २०२० चे अखेरचे दिवस. मध्य प्रदेशात कोसळलेल्या पावसाचे पाणी वैनगंगेतून खाली आले, गोसीखुर्द धरणाची सर्वच्या सर्व ३३ दारे उघडावी लागली आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. नदीने वेढलेल्या लाडजमधून माणसांना बोटीने बाहेर काढावे लागले. पूर ओसरला तेव्हा धानाच्या बांध्यांत गाळ साचला होता आणि विहिरींतही गाळच होता.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो. शहरातल्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेले, आत जांभळा दिवा असलेले यंत्र अशा गावात नेऊन का बसवत नाहीत? उत्तर दोन ओळींत देता येईल. परंतु त्या दोन ओळींमागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्यात एका मराठी भौतिकशास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा आहे. धागा लांब आहे मित्रहो, सवडीने वाचावा.

आधी शब्दाविषयी. आज आपण 'अतिनील किरण' म्हणतो. मराठी विश्वकोशाने 'जंबुपार' हा शब्द वापरला. जांभळ्याच्या पलीकडचा, तो जंबुपार. मला हाच शब्द अधिक नेमका वाटतो, कारण या किरणांचा शोधच मुळी जांभळ्याच्या पलीकडे डोकावल्यामुळे लागला. १८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात सिल्व्हर क्लोराइड ठेवले. प्रकाशात काळा पडणारा हा पदार्थ जांभळ्या रंगाच्याही पुढे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे सर्वांत लवकर काळा पडला. म्हणजे तिथे काहीतरी होते. यंत्रातला जो जांभळा उजेड आपण पाहतो तो केवळ त्या दिव्याचा दृश्य भाग होय. जंतू मारणारा भाग आपल्याला दिसतच नाही.

सूर्यप्रकाशाने पाणी निर्मळ होते ही समजूत मात्र याहून पुष्कळ जुनी. चरकसंहितेत शरद ऋतूचे वर्णन करताना दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेले पाणी 'हंसोदक' म्हणून गौरवले आहे. यावरून आपल्या पूर्वजांना अतिनील किरण ठाऊक होते असे सांगणाऱ्या पोस्ट अधूनमधून फिरत असतात. त्या वाटेला जाऊ नये. निरीक्षण वेगळे, कारणमीमांसा वेगळी. मात्र त्या निरीक्षणातला एक तपशील लक्षात ठेवावा : ऋतू शरद आहे. पावसाळ्यातला गाळ तोवर खाली बसलेला असतो आणि पाणी नितळ असते. पुढे हा नितळपणाच सगळ्या कथेचा कळीचा मुद्दा ठरणार आहे.

कारणमीमांसेची सुरुवात १८७७ मध्ये झाली. आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोघा इंग्रजांनी जंतूंना पोषक असा द्रव काचेच्या नळ्यांत भरला. काही नळ्या उन्हात उघड्या ठेवल्या, काही शिशाच्या पत्र्यात गुंडाळून त्याच उन्हात ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतला द्रव काही दिवसांत गढूळला, त्यात जंतू माजले. उघड्या नळ्या नितळ राहिल्या. ऊब दोन्हींना मिळाली होती, फरक केवळ प्रकाशाचा होता. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हा प्रयोग मांडला गेला तेव्हा कॉलऱ्याचा जंतू कोणता हेसुद्धा निश्चित झाले नव्हते. तो रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्याला दाखवला, तोही एका तलावाच्या पाण्यात. आपल्याकडे तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षे पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. रोग बाहेरून येतो हे लोकांनी ओळखले होते. तो घागरीतून येतो हे कळायला वेळ लागला.

सूर्यप्रकाशातील सर्वांत जहाल जंबुपार भाग वातावरणातला ओझोन अडवतो, जमिनीवर तो पोहोचतच नाही. तो मिळवायचा तर दिवा हवा. १९०१ मध्ये पीटर कूपर ह्यूइट याने अमेरिकेत पाऱ्याच्या वाफेचा दिवा केला. साधी काच हे किरण गिळून टाकते, म्हणून जर्मनीत क्वार्ट्झची नळी वापरलेले दिवे निघाले. पाऱ्याच्या वाफेतून २५४ नॅनोमीटर लांबीची लहर निघते आणि नेमक्या त्याच सुमाराची लहर जंतूच्या डीएनएला सर्वाधिक जाचते. निसर्गाने दिलेला हा निव्वळ योगायोग. डीएनएच्या साखळीत शेजारी बसलेले दोन थायमिन या प्रकाशाने एकमेकांना चिकटतात, प्रत काढण्याचे काम अडते आणि जंतू जिवंत असला तरी वंश वाढवू शकत नाही. ही यंत्रणा उलगडायला १९६० उजाडावे लागले. दिवे मात्र त्याआधी पन्नास वर्षे कामाला लागले होते.

१९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय या बंदरात नदीचे पाणी आधी गाळून मग अशा दिव्यांखालून नेण्याचा प्रयोग झाला. शहराच्या पाण्यासाठी जंबुपार किरण वापरण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. तो टिकला नाही. दिवे फुटत, विझत, महाग पडत. शिवाय दोनच वर्षे आधी, १९०८ मध्ये, अमेरिकेतील जर्सी सिटीने पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली होती आणि क्लोरीन स्वस्त होता. त्याचा दुसरा गुण आणखी मोलाचा. क्लोरीनचा थोडा अंश पाण्याबरोबर नळातून घरापर्यंत जातो आणि वाटेत कुठे घाण मिसळली तर तिच्याशी झुंजतो. प्रकाश असे काही करत नाही. दिव्याखालून पाणी पुढे गेले की ते निराधार होते. अर्धशतकाहून अधिक काळ जगातील बहुतेक नगरपालिकांनी क्लोरीनलाच पसंती दिली. १९५५ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात जंबुपार केंद्रे उभी राहिली. बाकी ठिकाणी हा विषय प्रयोगशाळेतच राहिला.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात हा दिवा शिरला तो १९८४ मध्ये. युरेका फोर्ब्सचे 'अॅक्वागार्ड' त्या वर्षी बाजारात आले. टाय बांधलेले, हातात बॅग घेतलेले विक्रेते दारोदार फिरून नळाचे पाणी किती धोक्याचे आहे हे समजावून सांगत. तोवर पाण्याला तुरटी फिरवणे, फडक्याने गाळणे आणि घरात कुणी आजारी असेल तर उकळणे एवढाच परिपाठ होता. यंत्रात गाळणी, कोळसा आणि शेवटी जंबुपार दिवा अशी व्यवस्था होती. क्रम महत्त्वाचा : दिवा शेवटी. मात्र या यंत्राला नळाचे दाबाखालचे पाणी आणि भरवशाची वीज दोन्ही लागत. म्हणजे ज्यांच्याकडे पाणी त्यातल्या त्यात बरे येत होते त्यांचेच ते आणखी चांगले झाले. हातपंपावर रांग लावणाऱ्यांच्या वाट्याला ते आले नाही.

१९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याचा एक नवाच प्रकार दिसला. तोवरच्या सगळ्या मोठ्या साथी ज्या गटाच्या जंतूने आणल्या तो 'ओ-१'. हा होता 'ओ-१३९'. जुन्या साथींतून अंगी आलेली प्रतिकारशक्ती याच्यापुढे चालेना, त्यामुळे धडधाकट प्रौढही आजारी पडू लागले. १९९३ मध्ये ही साथ बंगाल आणि बांगलादेशात पसरली, म्हणून तिला 'बंगाल कॉलरा' हे नाव पडले.

ही बातमी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत बसलेल्या अशोक गाडगीळ यांनी वाचली. गाडगीळ मूळचे मुंबईचे, जन्म १९५०. मुंबई विद्यापीठ, कानपूरचे आयआयटी आणि मग बर्कलीत भौतिकशास्त्राची डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास. त्यांचा विषय ऊर्जा आणि इमारतींतील हवा. पाणी हा त्यांचा प्रांत नव्हता. परंतु दूषित पाण्याने आपल्याच नात्यातील तान्ही मुले दगावल्याची आठवण त्यांच्या मनात होती आणि तिच्याविषयी ते पुढे जाहीरपणे बोललेही आहेत.

त्यांनी काय केले? ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. त्यांनी दिवा पाण्यातून बाहेर काढला.

तोवरच्या यंत्रांत दिवा क्वार्ट्झच्या नळीत घालून पाण्यात बुडवलेला असे. पाण्यातील क्षार हळूहळू त्या नळीवर चढतात. गरम पाण्याच्या बंबाला जशी पांढरी खपली धरते तशी. खपली चढली की दिवा जळत राहतो, पण प्रकाश पाण्यात उतरत नाही. वापरणाऱ्याला काहीच कळत नाही, तो निर्धास्तपणे पाणी पितो. गाडगीळांनी दिवा हवेत टांगला, वर वक्र परावर्तक बसवला आणि पाणी खालच्या उथळ तबकातून केवळ उताराने वाहू दिले. नळाचा दाब नको, पंप नको. हातपंपाचे किंवा हंड्याने ओतलेले पाणीही चालेल. 'यूव्ही वॉटरवर्क्स' या नावाने हे यंत्र ओळखले गेले. ते मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी निर्जंतुक करी आणि वीज लागे साधारण ६० वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. १९९८ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे याच तंत्रावर आंध्र प्रदेशातील खेड्यांत सामुदायिक जलकेंद्रे उभी राहिली. २०२३ मध्ये गाडगीळांना अमेरिकेचे तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय पदक देण्यात आले.

आता एक छोटे गणित करू. ६० वॅटचा दिवा, मिनिटाला १५ लिटर. म्हणजे एका लिटरमागे २४० ज्यूल. तेच एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३ लाख १४ हजार ज्यूल लागतात. तेराशेपट. तेही चुलीत वाया जाणारी उष्णता न धरता. नागपूर-मुंबईच्या वाचकाला यात केवळ वीजबिल दिसेल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्यात मात्र या आकड्याचा अर्थ सरपण असा होतो. सरपण जंगलातून येते. ब्रह्मपुरी वनविभागातील वाघ आणि माणूस यांच्या संघर्षाच्या बातम्या आपण वाचतोच. मोहफुले, तेंदूपाने आणि सरपण यांसाठी पहाटे जंगलात शिरणारी माणसेच त्यात प्रामुख्याने बळी पडतात. 'पाणी उकळून प्या' हा फलक लिहिणे सोपे आहे. त्या उकळीची किंमत कोण कुठे मोजते हे फलकावर लिहिलेले नसते.

हे वाचून जंबुपार दिवा म्हणजे सर्व दुखण्यांवरचा उतारा असे कुणाला वाटू नये. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. त्याने दातांवर डाग पडतात, हाडे वाकतात. जंबुपार किरण फ्लोराइडला स्पर्शही करत नाहीत, कारण तो जंतू नव्हे. आणि हंडा अस्वच्छ असेल तर निर्जंतुक पाणी हंड्यात पडताच पुन्हा होते तसे होते.

ज्या वर्षी गाडगीळ हे काम करीत होते त्याच वर्षी, १९९३ च्या वसंतात, अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे ४ लाख लोक पोटाच्या विकाराने आजारी पडले. कारण होते क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. त्याचे कवच इतके चिवट की क्लोरीन त्याला जुमानत नाही. क्लोरीनवरचा आंधळा विश्वास तिथे ढासळला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असे आढळले की हाच चिवट परजीवी जंबुपार किरणांच्या अगदी थोड्या मात्रेने निष्प्रभ होतो. शतकभर मागे पडलेले तंत्र एकाएकी पुढे आले. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराने आपल्या पाण्यासाठी जगातील सर्वांत मोठ्या जंबुपार केंद्रांपैकी एक सुरू केले. क्लोरीन त्यांनी तरीही सोडला नाही, हेही नोंदवून ठेवावे.

इथवर पाण्याची गोष्ट झाली. पाणी पारदर्शक असते, म्हणून प्रकाशाला तिथे रान मोकळे मिळते. खरी परीक्षा पुढे, जे पेय पारदर्शक नाही तिथे.

ऑक्टोबर १९९६. अमेरिकेच्या पश्चिम भागात ओडवाला कंपनीचा न तापवलेला सफरचंदाचा रस प्यायल्याने ६६ जण आजारी पडले आणि एक तान्ही मुलगी दगावली. रसात 'ई. कोलाय ओ-१५७' हा घातक जंतू होता. आंबट रसात जंतू तगत नाहीत हा समज खोटा ठरला. सरकारने नियम आणण्याचे ठरवले : रसातील घातक जंतूंची संख्या एक लाख पटीने घटली पाहिजे. मोठ्या कारखान्यांना पाश्चरीकरण परवडते. शेताच्या बांधावर रस विकणाऱ्या छोट्या बागायतदारांना ते यंत्र महाग आणि तापवलेल्या रसाची चव त्यांच्या गिऱ्हाइकाला नापसंत. त्यांच्यासाठी जंबुपार किरणांचा विचार सुरू झाला.

अडचण स्पष्ट होती. रसातील रंगद्रव्ये, जीवनसत्त्वे आणि तरंगणारा चोथा हे सगळे त्या लहरीला गिळून टाकतात. पाण्यात हा प्रकाश सहज वीतभर जातो, गढूळ रसात मिलिमीटरभर जाणेही मुश्कील. म्हणजे नळीच्या काठालगतचा थर निर्जंतुक होणार आणि मधला रस जसाच्या तसा पुढे जाणार. मग प्रकाश आत शिरत नसेल तर रसानेच बाहेर यावे, अशी युक्ती निघाली. अरुंद नळीतून रस इतक्या वेगाने न्यायचा की तो आतल्या आत घुसळत राहील आणि प्रत्येक थेंब केव्हातरी काठाशी येऊन प्रकाशाला सामोरा जाईल.

इथे इतिहासाचा एक सुरेख धागा जुळतो. १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी होता तोवर धार सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती विस्कटून पाणीभर पसरली. ती मर्यादा सांगणाऱ्या संख्येला आज रेनॉल्ड्स अंक म्हणतात. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रसासाठी जंबुपार किरणांना परवानगी दिली तेव्हा कायद्यातच अट घातली : प्रवाह खळबळता असावा आणि रेनॉल्ड्स अंक किमान २,२०० असावा. नळीतल्या रंगाच्या धारेचा प्रयोग ११७ वर्षांनी अन्नसुरक्षेचे कलम होऊन बसला. मला या सबंध कथेतला हा सर्वांत देखणा प्रसंग वाटतो.

मग आपल्या रसवंतीवर असा दिवा का नको? उसाचा रस सफरचंदाच्या रसापेक्षा अधिक गढूळ. शिवाय रस काळवंडवणारी विकरे या प्रकाशाने पुरेशी थंडावत नाहीत, तो काळा पडायचा तो पडतोच. आणि समजा सगळे जमवले, तरी शेवटी ग्लासात कुठल्या पाण्याचा बर्फ पडतो? दिवा बर्फाच्या आधी असतो, नंतर नाही. नीरेचेही दुखणे वेगळे नाही : झाडावरून उतरवल्यापासून काही तासांत ती आंबू लागते, म्हणून थंडावा आणि घाई हेच तिचे खरे राखणदार.

दुधात तर प्रकाश मिलिमीटरच्या अंशापलीकडे जात नाही. तरीही दूध आणि जंबुपार किरण यांचे नाते जुने आहे, फक्त ते जंतूंमुळे जुळलेले नाही. १९२४ च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवले की या प्रकाशाखाली ठेवलेल्या अन्नात ड जीवनसत्त्व तयार होते. मुडदूस झालेल्या मुलांसाठी 'प्रकाशित' दूध अमेरिकेत विकले जाऊ लागले. युरोपीय संघाने २०१६ मध्ये जंबुपार प्रक्रिया केलेल्या दुधाला मान्यता दिली, पण ते दूध आधी पाश्चराइज केलेलेच असावे लागते. जंतूंसाठी उष्णता, जीवनसत्त्वासाठी प्रकाश.

जाता जाता एक गफलत दूर करतो. लासलगावला २००२ पासून कांद्यावर जे किरण सोडतात ते गॅमा किरण. ते आरपार जातात. जंबुपार किरण पृष्ठभागावरच थांबतात. दोघांना एकाच पोस्टमध्ये घालून भीती पसरवणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

आता पुन्हा सूर्याकडे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. पण ते द्रावण ज्या पाण्यात कालवायचे तेच दूषित असले तर? बैरूतमधील आफ्तीम अक्रा यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की असे द्रावण पारदर्शक भांड्यात भरून उन्हात ठेवले तर त्यातील जंतू मरतात. नव्वदच्या दशकात स्विस संशोधकांनी त्याची साधी रीत बसवली : प्लास्टिकची स्वच्छ, पारदर्शक बाटली भरायची आणि लख्ख उन्हात सहा तास आडवी ठेवायची. वीज नको, दिवा नको, सरपण नको.

फक्त एक चाचणी आधी करायची. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवायची आणि तोंडातून तळाकडे पाहायचे. मथळ्याची अक्षरे वाचता आली तर पाणी उन्हात ठेवण्याजोगे.

सप्टेंबर २०२० च्या आरंभी वैनगंगेकाठच्या विहिरीतले पाणी बाटलीत भरून ही चाचणी कुणी केली असती, तर मथळा दिसला नसता. अशा पाण्यावर टांगलेला दिवा आणि आकाशातला सूर्य दोघेही सारखेच हतबल. तिथे कामाला येते ती टीसीएल पावडर, मार्सेयचा दिवा ज्याच्यापुढे हरला त्या क्लोरीनचीच भुकटी. तीसुद्धा गाळात पुष्कळशी वाया जाते. म्हणून आधी विहीर उपसावी लागते, गाळ काढावा लागतो, मग पावडर टाकायची आणि पाणी निवळू द्यायचे. दिव्याची पाळी त्यानंतर, शरदात.